किंमत कारखान्यात उतरते म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. रागाच्या भरात काहीतरी लिहून जाईन म्हणून थांबलो. आज लिहितोय आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण ज्या थाटात तुम्ही मला गप्प बसवायला निघालात तो थाट इथे रुळू द्यायचा नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेख गेमिंग कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्यांच्या, किंमतकपातींवर होता. सेगा, सोनी, निन्टेंडो, मायक्रोसॉफ्ट यांनी वेळोवेळी भाव उतरवले ते समोरच्याने उतरवले म्हणून, किंवा तो उतरवणार या धास्तीने, असं माझं म्हणणं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘किंमत कारखान्यात उतरते, बाजारात नाही. चिप लहान होते, स्वस्त होते, म्हणून डबा स्वस्त होतो. ज्यांनी डबा आतून पाहिलेला नाही त्यांनी अर्थतज्ज्ञाचा आव आणू नये.’ पुढे आणखी तीन मुद्दे होते, त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या आव आणण्याबद्दल. मी अर्थतज्ज्ञ असल्याचं कधीही, कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही चिप उद्योगात नोकरी करता हे तुम्हीच प्रतिक्रियेत सांगितलंत. चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण मतभेद नोंदवताना समोरच्याची लायकी काढायची काय गरज होती? ‘मला हे पटत नाही, कारण अमुक’ एवढं लिहून भागलं असतं. इथे कॉलेजातली पोरं येऊन माझ्याशी वाद घालतात, तावातावाने घालतात, पण तू कोण टिकोजीराव असं त्यांच्यातल्या एकानेही मला विचारलेलं नाही.

आणि डब्याची ओळख म्हणाल, तर मी तो विकलेला आहे. २००२ साली मी न्यू जर्सीत एम. एस. करत होतो आणि खर्चाला हातभार म्हणून एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेम्सच्या काउंटरवर उभा राहायचो. त्या वर्षीचा मे महिना तुम्ही चिपच्या आलेखावर पाहिला असेल, मी तो काचेच्या कपाटासमोर उभं राहून पाहिला. १४ मे, मंगळवार : सोनीने प्लेस्टेशन २ ची किंमत २९९ डॉलरवरून १९९ वर आणली. १५ मे, बुधवार : मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स २९९ वरून १९९ वर आणला. आदल्या संध्याकाळी आम्ही एका फळीवरच्या किंमतीच्या पट्ट्या बदलल्या होत्या, दुसऱ्या दिवशी शेजारच्या फळीवरच्या बदलल्या. आता उरलं निन्टेंडोचं गेमक्यूब. बाजारात आल्यापासून ते बाकी दोघांपेक्षा १०० डॉलरने स्वस्त, हीच त्याची मोठी जमेची बाजू. त्या आठवड्यात तिन्ही डबे एकाच किमतीला कपाटात बसले होते. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, यावर डीव्हीडी सिनेमा दिसतो का? प्लेस्टेशनवर दिसतो, गेमक्यूबवर नाही. मग हा कशाला घेऊ, म्हणून पुढे जायचं. पुढच्या मंगळवारी, २१ तारखेला, गेमक्यूब १४९ झालं.

आठच दिवसांत तीन कंपन्या. तिघींची चिप वेगळी, तिघींचे कारखाने वेगळे, पुरवठादारांशी केलेले करार वेगळे. तुमच्या हिशोबाने तिघींचा उत्पादनखर्च त्याच आठवड्यात घसरला असं समजायचं का? की त्याच २२ तारखेला लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे गेम उद्योगाचं मोठं प्रदर्शन सुरू होणार होतं आणि तिथे महागडा डबा घेऊन उभं राहायची कोणाचीच तयारी नव्हती, असं?

हे तुम्हाला योगायोग वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. त्याच वर्षी १४ मार्चला एक्सबॉक्स युरोपात आला. ब्रिटनमध्ये किंमत २९९ पौंड. २६ एप्रिलला तीच किंमत १९९ पौंड झाली. मधे सहा आठवडे. आधी घेतलेल्यांनी बोंब ठोकू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने त्यांना दोन गेम आणि एक कंट्रोलर फुकट देऊ केला. तुम्ही या धंद्यातले आहात, तुम्हीच सांगा, सहा आठवड्यांत कुठली चिप लहान होते? उलट त्या सुमारास मायक्रोसॉफ्टचं एनव्हिडिया या चिप पुरवणाऱ्या कंपनीशी एक्सबॉक्सच्या चिपच्या दरावरूनच भांडण जुंपलं होतं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि मिटलं ते २००३ च्या फेब्रुवारीत. म्हणजे चिप हवी तशी स्वस्त मिळत नव्हती, त्यासाठी भांडावं लागत होतं, आणि तरीही दुकानात डबा १०० डॉलरने उतरलेला होता. वर त्या डब्यात हार्ड डिस्क. तिची किंमत एका मर्यादेखाली जात नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हा तोटा भरून कसा निघतो हेही मूळ लेखात होतं, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. कन्सोल कंपनी डब्यावर पैसे सोडते आणि गेम्सवर मिळवते. दुसऱ्या कंपनीने बनवलेला गेम विकला गेला तरी प्रत्येक डिस्कमागे तिला वाटा मिळतो. त्यामुळे घराघरांत आपला डबा आधी पोचणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच शेजाऱ्याच्या किमतीवर सगळ्यांचा डोळा. कांद्याचा उत्पादनखर्च शेतकऱ्याच्या वहीत असतो, पण भाव लासलगावच्या लिलावात ठरतो; इथेही तेच आहे.

१९९५ चं उदाहरण मी लेखात दिलं होतं, तुम्ही त्याला ‘किस्सा’ म्हणून उडवून लावलंत. किस्सा नव्हे तो. मे महिन्यात पहिल्या ई-थ्रीमध्ये सेगाने जाहीर केलं की आपला नवा कन्सोल सॅटर्न ३९९ डॉलरला आजपासूनच दुकानात मिळेल. नंतर सोनीच्या कार्यक्रमात त्यांच्या अमेरिकेतल्या गेम विभागाचे प्रमुख स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून ‘२९९’ एवढंच बोलले आणि खाली उतरले. ऑक्टोबरात सॅटर्नसुद्धा २९९ झाला. आत हिताचीचे दोन प्रोसेसर आणि भलताच गुंतागुंतीचा बोर्ड असलेलं यंत्र ते, बनवायला महाग. पाच महिन्यांत त्याच्या कारखान्यात काय जादू झाली? काही नाही. भाव उतरला तो त्या एका आकड्यामुळे.

आता तुमचं जे बरोबर आहे ते बरोबर म्हणतो. चिपच्या खर्चाला मी लेखात एकच वाक्य दिलं होतं, आणखी दोन देता आली असती. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप आधी वेगवेगळे होते, सोनीने ते पुढे एकाच चिपवर आणले. त्याने खर्च वाचला, यात वाद नाही. भाव उतरवायला जागा अशाच बचतीतून तयार होते.

पण ती बचत गिऱ्हाइकाच्या खिशात कधी जाते ते पाहा. २००४ च्या मार्चमध्ये एक्सबॉक्स १४९ डॉलरवर आला. मे महिन्यात प्लेस्टेशन २ सुद्धा १४९. त्यानंतर त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सोनीने नवं सडपातळ मॉडेल आणलं, पुस्तकाएवढं, आधीच्या डब्याच्या मानाने अगदीच हलकं. तुमच्या नियमाप्रमाणे त्याची किंमत उतरायला हवी होती. उतरली नाही. १४९ ची १४९ राहिली आणि १२९ झाली ती थेट २००६ च्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात दबाव आणणारं कोणी नव्हतं, कारण मायक्रोसॉफ्टचं लक्ष तोवर पुढच्या डब्याकडे, एक्सबॉक्स ३६० कडे, वळलं होतं. कारखान्यातली बचत कंपनीनेच ठेवून घेतली. माझा अख्खा लेख याच एका गोष्टीवर उभा होता आणि तुम्ही नेमकी तीच गाळून बाकीच्यावर तुटून पडलात.

२०११ चं निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र, थ्रीडीएस, घ्या. जपानमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस २५,००० येनला आलं आणि ऑगस्टमध्ये १५,००० येन झालं. खप मंदावला होता हे खरं, पण जूनमध्ये सोनीने आपलं पुढचं हातातलं यंत्र, व्हिटा, त्याच भावाने आणणार असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. व्हिटा दुकानात यायला तेव्हा डिसेंबर उजाडायचा होता. ज्यांनी महागात घेतलं त्यांना निन्टेंडोने वीस जुने गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. चिप स्वस्त झाल्याच्या आनंदात कोणी स्वतःचा पगार कापून घेत नाही, साहेब.

बाकीचे मुद्दे. सेगा कन्सोलच्या धंद्यात आपल्याच चुकांनी बुडाली म्हणता. त्या चुका मी नाकारल्या कुठे? आज भाव उतरायच्या ऐवजी चढताहेत, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही हा दुसरा आक्षेप. २०२५ मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्स दोनदा महागला, प्लेस्टेशन ५ महागला, हे मलाही ठाऊक आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि समोरचाही भाव चढवतो आहे म्हटल्यावर आपण का उतरवायचा, एवढं तर त्यातूनही दिसतंच.

तिसरा मुद्दा मात्र मला लागला. ‘श्रीमंत पोरांच्या खेळण्यांवर मराठीत शब्द कशाला वाया घालवायचे?’ मी डोंबिवलीचा. आमच्या घरी कन्सोल कधीच नव्हता. स्टेशनजवळच्या गाळ्यात तासावर पैसे मोजून आम्ही खेळायचो, चौघांत एक तास, कंट्रोलर या हातातून त्या हातात. लॅमिंग्टन रोडला काचेमागचा डबा नुसता बघायला म्हणून जायचो. भाव काय झाला हे दर खेपेला विचारायचो आणि दुकानदार दर खेपेला सांगायचा, घेणार नाही हे माहीत असूनही. किंमत कशाने उतरते हा प्रश्न श्रीमंतांच्या पोरांना पडत नाही, तो आमच्यासारख्यांना पडायचा. आणि तो मराठीतच पडायचा. या विषयावर मराठीत लिहायचं की नाही हे मला कोणी शिकवू नये.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर माझी पात्रता बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी चिपच्या भावाने समजावून द्या : मे २००२ चा तो आठवडा, आणि सडपातळ झाल्यावरही १४९ डॉलरलाच विकला गेलेला प्लेस्टेशन २. पटलं तर लेखात तुमच्या नावानिशी भर घालीन.