आई-बाबांचं कौतुक करायचं तर त्यांच्या कामाचं करा

आई-वडिलांवर लिहायचं म्हटलं की त्याग, कष्ट, उपकार, ऋण हे शब्द आपोआप येतात. मला ते अपुरे वाटतात. आई-बाबांना एकदा देव्हाऱ्यात बसवलं की त्यांचं डोकं आणि हात दिसेनासे होतात. ती दोघं आपापल्या कामात तरबेज होती, हे आधी मोठ्याने म्हणायला हवं.

माझी आई लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. कापड गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून तिच्याही तीन. सकाळच्या पाळीवाल्याचा डबा पहाटे भरायचा, तोवर रातपाळीवाला जेवायला दारात. कोणाचा गुरुवार, कोणाला सुकट चालत नाही, गणपतीला गावी गेलेल्याचे किती खाडे वजा करायचे, सगळं तोंडपाठ.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. खानावळवाल्या बायकांना तो दोन्हीकडून बसला. नवऱ्याचा पगार थांबला आणि जेवणारी माणसं गावाला निघून गेली. त्याआधी या बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातलं होतं, ते पैसे कुठले परत येतात! आईने फोर्टातल्या ऑफिसांचे डबे धरले. भात कमी केला, पोळ्या वाढवल्या, दर नव्याने बसवला. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे हा धंदा आहे, हे ओळखणारी माणसं तेव्हाही होती. घरोघरी मात्र अजून ‘आई चार डबे करायची’ एवढंच सांगितलं जातं, याचा मला राग येतो.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. गिरणी गेल्यावर भिवंडीच्या पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहिले. साच्यांच्या खडखडाटात ओठ बघून बोलणं ओळखायची सवय लागली, ती अजून आहे. बोलताना ते डोळ्यांत नाही, तोंडाकडे बघतात. परवा माझ्या मुलीच्या पतंगाचा दोरा तुटला. बाबांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठा एकदा फिरवला, गाठ बसली. मी दोऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं, गाठ हाताला जेमतेम लागत होती. पोरगी म्हणाली, “आजोबा, परत करा ना!” त्यांनी तीनदा करून दाखवली, अगदी सावकाश, नव्या बदली कामगाराला शिकवावं तशी.

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी 2007 चा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर निर्वाहभत्ता मागता येतो. असा कायदा हवाच. पण ज्यांच्या घरी दोन वेळचं नीट आहे, त्या आई-बाबांनाही आपलं काम कोणीतरी जाणून घ्यावं असं वाटतंच की.

आईला ‘तू आमच्यासाठी किती केलंस’ म्हटलं की ती ‘चल, काहीतरीच’ म्हणून उठते. तिला विचारावं, दहा-बारा माणसांच्या आमटीला डाळ किती लागायची, आणि ऐनवेळी पाहुणा आणला कोणी तर काय करायचीस? मग ती पदर खोचून तासभर बोलते, मापं हाताने दाखवते, मधेच कोणाची थकबाकी आठवून चिडते. तुमच्या घरी कोणी कंडक्टर असेल, नर्स असेल, गोदीत किंवा बालवाडीत असेल. या रविवारी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा.