पाणी किती घालू?

आजारी माणसाला "काय खावंसं वाटतंय?" असं विचारणं हा छळाचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. खावंसं वाटत असतं तर तो अंथरुणात कशाला पडला असता? आणि जे वाटतं ते तोंडाने सांगायची सोय नसते. ज्याच्या बुटांचा आवाज आला की ऑफिसातल्या गप्पा बंद पडतात, असा साहेब तापात भिंतीकडे तोंड करून "दुधात कुस्करलेला पाव" असं पुटपुटतो. कुणी भरवला तर आणखी उत्तम, हे तो बोलत नाही, पण आशा सोडलेली नसते.

नीट पाहिलं तर अशा वेळी माणसं जे मागतात त्याला रंगच नसतो. भात, बटाटा, पाव, नूडल्स, दूध. सगळा मामला पांढरा नाहीतर पांढऱ्याच्या शेजारचा. चॉकलेट तेवढं या रांगेत घुसलंय, पण त्याला कुठे शिरता येत नाही? बाकी प्रेमभंग झाला म्हणून कुणी काकडी चिरायला घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. "नोकरी गेली रे, चल जरा ब्रोकोली खाऊन येऊ" असंही कुणी मित्राला म्हणत नाही.

यामागे कारण आहे आणि ते चारित्र्याच्या दुबळेपणाचं नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. २०१८ साली एका प्रयोगात लोकांना खाण्याच्या पदार्थांची चित्रं दाखवून बोली लावायला सांगितली. काही पदार्थ नुसते स्निग्ध, काही नुसते पिठूळ किंवा गोड, आणि काहींत दोन्ही. उष्मांक सारखे, आवडही सारखी, तरी लोकांनी जास्त पैसे लावले ते दोन्ही असलेल्या पदार्थांवर. निसर्गात ही जोडी क्वचितच एकत्र सापडते. फळात साखर असते पण स्निग्धता नसते, मांसात स्निग्धता असते पण साखर नसते. ठळक अपवाद दुधाचा. आईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश आणि ७ टक्के साखर. म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून आपण ज्या सवयींना शिव्या घालतो त्या जन्मल्या दिवशी लागलेल्या आहेत.

पण सगळा हिशेब लोणी-साखरेचाच असता तर आमच्या घरातल्या तीन माणसांच्या तीन तऱ्हा झाल्या नसत्या. नवऱ्याचा जीव टोस्टवर. दिवस वाईट गेला की त्याला टोस्ट लागतो, आणि तो जळलेला लागतो. नुसता जळलेला चालत नाही. आधी जाळायचा, मग सुरीच्या पाठीने काजळी खरवडायची, काळी पूड सिंकमध्ये पडली पाहिजे आणि तो खर्र खर्र आवाज बाहेर ऐकू गेला पाहिजे. मग लोणी, टोस्ट गरम असतानाच, अगदी कडेपर्यंत. याचं मूळ एवढंच की त्याच्या लहानपणी घरचा टोस्टर बिघडलेला होता. एका नादुरुस्त यंत्राची मी इतकी वर्षं नक्कल करते आहे.

लेकीला नूडल्स. पाणी पार आटलेलं हवं, रात्रीचे अकरा वाजून गेलेले हवेत आणि खायच्या त्या पातेल्यातूनच. बशीत काढल्या की चव जाते म्हणे. सासूबाईंना गरम दूध, वर साय, पण साय त्यांना नकोच असते. ती बाजूला वाटीत काढून ठेवायची, त्यांनी दोनदा "मला नको गं" म्हणायचं आणि आपण खोलीबाहेर पडायचं. परत यावं तर वाटी रिकामी.

या हट्टापुढे भल्याभल्यांचं चाललेलं नाही. १९६५ साली जॉन यंग नावाचा अंतराळवीर जेमिनी ३ या यानातून पृथ्वीभोवती फिरायला निघाला तेव्हा अंतराळ पोशाखाच्या खिशात सँडविच घालून गेला. नासाने चुरा पडू नये म्हणून लेप दिलेले घास तयार करून दिले होते, आणि हा पठ्ठ्या ब्रेडचे कण यानात तरंगवत बसला. प्रकरण थेट अमेरिकेच्या संसदीय समितीपर्यंत गेलं. प्रवास होता जेमतेम पाच तासांचा! लोक या प्रकाराला थट्टा समजतात. टोस्टच्या चुऱ्यात झोपणारी बाई तसं समजणार नाही.

तर सगळ्यांच्या खोडी मला पाठ. माझं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण स्वयंपाक करणारी बाई आजारी पडली की उठून आपलं आपण करून घेते अशी आमच्याकडे वहिवाट आहे. (ती कुणी पाडली ते मला विचारू नका, बाकीच्यांना विचारा.) यंदाच्या सर्दीत मात्र डोकं उशीवरून उचलवेना. तेव्हा "काय खावंसं वाटतंय?" हा प्रश्न माझ्याही वाट्याला आला आणि मी खरं उत्तर दिलं. गुरगुट्या भात. तांदूळ, पाणी, मीठ.

"नुसता?" नवरा म्हणाला.

"नुसता."

"पण त्यात घालू काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? काहीतरी घालतोच ना."

त्यानंतर माझ्या पलंगाभोवती बैठक भरली. लेक म्हणाली, "आई, त्यात प्रोटीन किती कमी असतं माहितीये?" सासूबाईंनी लसणीच्या पाकळ्या सुचवल्या. नणंद फोनवरून म्हणाली, "वहिनी, भात कसला खाताय, सूप घ्या, त्याला शास्त्राचा आधार आहे." आधार खरोखरच आहे. २००० साली नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड यांनी दाखवलं की चिकन सूपमुळे प्रयोगशाळेत तरी विशिष्ट पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते, आणि सर्दीतल्या त्रासाला त्या पेशींचाही हातभार असतो. सूप कुणाच्या पद्धतीचं होतं? त्यांच्या बायकोच्या आजीच्या. हे सगळं मान्य करून मी म्हटलं, मला भातच हवाय.

नवऱ्याने बाह्या सरसावल्या. त्याच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. बेफिकीर माणसाने तांदूळ पातेल्यात टाकून गॅस पेटवला असता आणि तो आपल्या कामाला लागला असता. हा काळजी घेणारा निघाला.

"पाणी किती घालू?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"सहापट घाल."

जरा वेळ शांतता. मग, "वजनाने की मापाने?"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तेवढ्यात त्याला मोबाइलवर 'परफेक्ट राइस'चा व्हिडिओ सापडला, आणि माझ्या भाताचं नशीब फिरलं. बाहेरून तांदूळ धुतल्याचे आवाज येत राहिले. अंघोळ घालताहेत की काय असं वाटावं इतका वेळ. मग भिजवणं झालं, उकळणं झालं, पाणी निथळणं झालं, आणि बऱ्याच वेळाने चौकोनी पांढऱ्या प्लेटमध्ये, बाजूला काटा ठेवून, भात आला. लांब दाण्याचा, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या डब्यातला. वर ब्रोकोलीची दोन झाडं, जवसाची पेरणी आणि लेकीच्या आग्रहाखातर किसलेलं चीज.

"बघ! शीत न् शीत मोकळं!" तो म्हणाला.

खरोखर होतं. इतका मोकळा भात मला स्वतःला कधी जमलेला नाही. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज नावाचं पिष्ट जास्त असतं, त्यामुळे शितं एकमेकांना चिकटत नाहीत, आणि जे काही चिकटायला निघालं असतं ते त्याने धुऊन टाकलं होतं. गुरगुट्या भाताचं सगळं उलटं. आखूड दाणा घ्यायचा, पाणी अवाच्या सवा ओतायचं आणि विसरून जायचं. साधारण सत्तर अंशांच्या पुढे दाणा फुगतो, मग फुटतो, आतलं पिष्ट पाण्यात उतरतं आणि भात नि पाणी यांतला फरक मिटतो. त्याला कौशल्य लागत नाही, हलगर्जीपणा लागतो.

"कसा झालाय?" नवरा पलंगाशी उभा. मागे सासूबाई, त्यांच्या मागे लेक.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. असला पदार्थ माणसाला हवा असतो तो तुमच्याकडे काही मागत नाही म्हणून. चावायला लावत नाही, मत विचारत नाही, आपण सजून आलोय याची दखल घ्या म्हणत नाही. ब्रोकोलीचं तसं नसतं. ब्रोकोली आली की तिच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलावे लागतात. मी नाक चोंदलेल्या आवाजात "छाद झालाय" म्हटलं आणि ते तिघंही समाधानाने जेवायला निघून गेले.

वास्तविक त्या अवस्थेत मला चव कळण्याचा प्रश्नच नव्हता. आपण जिला चव म्हणतो त्यात मोठा वाटा वासाचा, आणि तो तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. सर्दीत तो जिना बंद. वासाचं एरवी मोठं प्रस्थ आहे. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या टपालकचेरीत जातात, वासाला मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत थेट प्रवेश असतो. म्हणूनच जळक्या टोस्टच्या एका वाफेसरशी माझा नवरा सात वर्षांचा होतो. नाक बंद असताना हातात उरतं ते ऊब, मऊपणा आणि मीठ, आणि त्यातला मऊपणा माझ्या घरच्यांनी निथळून टाकला होता.

लेक रात्री सोबतीला येऊन बसली ती चिप्सचं पाकीट घेऊन. चिप्सना नाकाची फारशी गरज नसते, ते कानाने खाता येतात. २००४ साली ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्यासह लोकांच्या कानाला हेडफोन लावून त्यांना चिप्स खायला दिले. कुरकुर मोठी करून ऐकवली की तोच चिप लोकांना जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटायचा. त्यांना २००८ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला मिळणारं बक्षीस, मिळालं. मला मात्र ती कुरकुर हेडफोनशिवाय, फुकट ऐकायला लागत होती.

"आई, हे ऐक," ती मोबाइलमधून वाचू लागली. २०१४ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना उदास करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा जिवाभावाचा पदार्थ दिला, काहींना दुसरा आवडता, काहींना असाच कुठला तरी, आणि काहींना काहीच नाही. सगळ्यांचा मूड सारखाच सुधारला. "म्हणजे तुला भात मिळाला काय नि नाही काय, एकच!" तिने निष्कर्ष काढला आणि आणखी एक चिप मोडला.

मी तिला एवढंच सांगितलं, की ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्या उशाशी बसून कुणी चिप्स खात नव्हतं.

तिने लगेच दुसरं संशोधन काढलं. ही पिढी शेवटचा शब्द दुसऱ्याला देत नाही. २०११ सालचं, चिकन सूप ज्यांना आपलं वाटतं त्यांच्याबद्दलचं. ते सूप प्यायल्यावर त्यांच्या मनात नात्यागोत्याचे शब्द जास्त येतात म्हणे. हे मला शंभर टक्के पटलं. तो मोकळा भात खाताना माझ्याही मनात नात्यागोत्याचेच शब्द येत होते. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा तांदूळ संपला होता. नवऱ्याने रोजचा आखूड दाणा घेतला, पाण्याचं माप काढायला ग्लास हातात घेतला आणि त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. या दोघांचं फोनवर बोलणं म्हणजे आधी हवामान, मग गुडघे, मग सामाईक जमिनीचा तो जुना विषय, आणि तिथून पुढे घड्याळाकडे बघायचं नसतं. ग्लास आणखी किती वेळा रिकामा झाला हे त्याला कळलं नाही. गॅस मंद होता तोही नशिबाने. बऱ्याच वेळाने "अरे बापरे!" ऐकू आलं. मग झाकणाचा आवाज, मग कुजबुज.

"आई, हे पार बिघडलं. हिला दाखवू नका. टाकून देतो आणि नवा लावतो."

अंथरुणातून उठवत नव्हतं हे मी वर लिहिलेलंच आहे. तरी मी स्वयंपाकघरात पोचले तेव्हा पातेलं सिंकवर अर्धं कललेलं होतं. आत शीत नावाचं काही शिल्लक नव्हतं. मधूनच एक बुडबुडा वर येऊन आळशीपणाने फुटत होता. मी पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलं, मीठ टाकलं, आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या डावानेच खायला सुरुवात केली. नवरा बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान लसूण तरी..." आणि गप्प बसल्या.

तसा भात त्याला पुन्हा जमलेला नाही. आता तो फार लक्ष देऊन करतो ना. म्हणून हल्ली घसा खवखवायला लागला की मी आधी दिरांना मेसेज टाकते: "भाऊजी, उद्या साडेअकराच्या सुमारास दादाला फोन करा. जमिनीचा विषय काढा."