वी आलंय

"वी आलंय! मामानं आणलंय!" असं ओरडत पोरगं आत आलं, तेव्हा माय चकल्या पाडत होती. सोऱ्या तसाच हातात धरून तिनं मान वर केली.

"कोण व्यालंय रं?"

प्रश्न रास्त होता. आमच्या गल्लीत तेव्हा दोन म्हशी गाभण होत्या आणि त्यातल्या एकीचे दिवस भरत आले होते.

ही २००७ च्या दिवाळीची गोष्ट. मेहुणा न्यू जर्सीहून परभणीला आला होता आणि त्यानं बॅगेतून जाडजूड पुस्तकाएवढी एक पांढरी पेटी काढली होती. निन्टेंडोचं 'वी', टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये ते अमेरिकेत निघालं आणि तिथंही दुकानात सहज मिळत नव्हतं. मेहुण्यानं म्हणे पहाटेपासून रांग लावली होती. रांगेत उभं राहायला एवढ्या लांब जायची काय गरज होती, हे मला कळलं नाही. रॉकेलची रांग आमच्या घरापासून दोन मिनिटांवर होती.

"दाजी, ह्यात बटनं दाबत बसायचं नसतं," तो म्हणाला. "हात फिरवायचा. टेनिस असलं की टेनिससारखा, बॉक्सिंग असलं की बुक्क्या."

"केवढ्याला?" बायकोनं विचारलं.

"अडीचशे डॉलर."

तिनं मनातल्या मनात चाळीसनं गुणलं आणि भावासमोर काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "दहा हजार! एवढ्यात चांगला फ्रीज आला असता." जणू पहाटेच्या रांगेत मीच उभा होतो.

शेजारचे गुरुजी पेटी बघायला आले. निवृत्त झाल्यापासून गल्लीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची ते तपासणी करतात. "कंपनी कुठली?" जपानची, क्योटोची, १८८९ पासूनची, असं मेहुण्यानं सांगितलं. "तेव्हा कुठं होता टीव्ही?" तेव्हा ते पत्ते बनवायचे, हेही मेहुण्यानं भोळेपणानं सांगून टाकलं. गुरुजींनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. सातवीत मधल्या सुट्टीत पत्ते खेळताना त्यांनी पकडलेला मुलगा मीच.

"म्हणजे मूळचा धंदा पत्त्याचाच," ते म्हणाले आणि खाटेवर मांडी घालून बसले. ते रात्री जेवायच्या वेळेलाच उठले.

पेटी लगेच चालू झाली असती तर ती परभणी कसली! अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. थेट लावलं असतं तर दिवाळीचा पहिला फटाका आमच्याच बैठकीत वाजला असता. मी स्टेशन रोडला एका दुकानात गेलो. दुकानदारानं माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "सायेब, जगात जर्मनी, भारतात परभणी. इथं काय मिळत न्हाई?" मग मागच्या खोलीतून त्यानं एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणला. यंत्र सव्वा किलोचं, ट्रान्सफॉर्मर तीन किलोचा. चालू केला की तो भुंग्यासारखा गुणगुणायचा आणि तासाभरात एवढा तापायचा, की मायनं त्याच्यावर वाळत घालायला पोराचे मोजे आणले. चित्र आधी काळंपांढरंच आलं. टीव्हीच्या मेनूत शिरून अमेरिकेची पद्धत निवडली, तेव्हा कुठं रंग उमटले. एवढं होईतो लाईट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक मेहुणा विसरला होता. आम्हाला पाठ होतं, पण उत्साहापुढं कुणी आठवण करून दिली नाही.

हातात धरायचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच, पण त्याला मनगटात अडकवायचा दोर आणि वर रबराचं जाकीट. सुरुवातीला म्हणे अमेरिकेत लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळायला लागले. कंपनीनं डिसेंबर २००६ मध्ये बत्तीस लाख दोर बदलून दिले आणि २००७ मध्ये वरून जाकीटही फुकट द्यायला काढलं. बायकोला हे ऐकून भारी वाटलं. आमच्याकडे रिमोटला पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर दोन रबरं असतात. जपान्यांना हे सुचायला वर्ष लागलं.

खेळण्याआधी प्रत्येकानं आपला बाहुला बनवायचा असतो. नाक, डोळे, मिशा निवडायच्या. पोरानं माझा बाहुला दोन मिनिटांत बनवला आणि सगळे एकदम "अगदी हुबेहूब!" म्हणाले, ते मला आवडलं नाही. मायच्या बाहुलीला कुंकू लावायची सोय यंत्रात नव्हती. मग पोरानं गालावरचा तीळ सरकवत सरकवत कपाळावर नेला आणि मोठा केला. काळं का होईना, कुंकू झालं. जन्मतारीख विचारल्यावर मात्र घरातल्या दोघांचीही १ जूनच निघाली. माझी शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली, मायची मतदार यादीसाठी कुणीतरी टाकलेली. मेहुण्याला योगायोग वाटला. अमेरिकेत राहून माणूस किती विसरतो.

"ह्याला दंडच न्हाईत की!" माय पडद्याकडे बघत म्हणाली. खरंच, बाहुल्यांचे पंजे अंगापासून सुटे, हवेत तरंगत होते. "बिनदंडाचं काय खेळल बाप्पा हे?"

पोराला क्रिकेट हवं होतं. युवराजनं डरबानला सहा चेंडूंत सहा छक्के मारून अजून दोन महिने व्हायचे होते आणि त्यानंतर गल्लीतलं प्रत्येक पोर फक्त लाँग-ऑनकडेच बघायचं. पण ह्या डबीत टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग एवढंच. "बेसबॉल म्हंजे फुलटॉसच की," म्हणून त्यानं दोन पाय फाकवले, मनगटं वळवली आणि जो हात फिरवला तो माझ्या चष्म्याला लागला. रिमोट सुटला नाही. दोर मजबूत होता. चष्म्याला मात्र दोर नव्हता.

आता टेनिस. आमची बैठक दहा बाय बारा. दिवाण भिंतीला लावला, खाट उचलून गुरुजींसकट कोपऱ्यात नेली, टीपॉय स्वयंपाकघरात. मी लुंगी खोचून मधोमध उभा राहिलो. बाहुला आपोआप पळतो, आपण फक्त फटका मारायचा. मी जीव ओतून मारत होतो. उजवीकडे झेप, डावीकडे झेप, एकदा तर गुडघ्यावर. समोर गुरुजी. त्यांनी खाटेवरची मांडी मोडली नाही. माशी वारावी तसं ते नुसतं मनगट हलवत होते. सहा मिनिटांत हरलो. दुसऱ्यांदा चार मिनिटांत.

"दाजी, तुम्ही सगळं अंग कशाला हलवू लालाव?" मेहुणा म्हणाला. "आत एक बारीक चिप असते. रिमोटला किती झटका बसला एवढंच तिला कळतं. तुमच्या गुडघ्याचा पत्ता तिला नसतो."

वीस वर्षं मी कचेरीत हेच बघत आलोय. जो धावतो त्याची फाइल साहेबाच्या टेबलावर तशीच, आणि जो बसल्या जागी मनगट हलवतो त्याची बढती. ते जपानमध्ये जाऊन यंत्रात कुणी घातलं, देव जाणे.

मायनं आधी हात जोडले. "मला नगं. माझ्यानं फुटंल." मग पोरानं तिच्या मनगटात दोर अडकवला आणि बोलिंग लावून दिलं. मागचं बटण दाबून धरायचं, हात मागून पुढं आणायचा आणि बटण सोडायचं. माझ्याकडून ते नेहमी हात मागं असतानाच सुटायचं. मग चेंडू मागच्या प्रेक्षकांत जायचा आणि सगळे बाहुले दचकून उड्या मारायचे. ती उडी घरातल्यांना एवढी आवडली, की माझी पाळी आली की सगळे पुढं सरकून बसायचे.

मायनं पदर खोचला. कमरेत किंचित वाकली, डावा हात गुडघ्यावर टेकला आणि उजवा हात मागून पुढं असा काही सोडला, की मी तो लगेच ओळखला. पन्नास वर्षं रोज सकाळी अंगणात सडा टाकणारा हात तो. बादलीतून शेणपाणी घेऊन लांब, एकसारखं, थेंबही दाराच्या उंबऱ्यावर न उडवता. चेंडू सरळ मधून गेला आणि दहाच्या दहा आडव्या.

"सगळ्या बाटल्या पडल्या की!" ती घाबरून म्हणाली. "कुणाच्या होत्या?"

बेसबॉलला तिनं धोपाटणं लावलं, टेनिसला गोफण. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलेली बाई ती. तिला पडद्यावरचा पिवळा चेंडू म्हणजे दाण्यावर बसलेली चिमणी. गुरुजी दोनदा हरले आणि "आता संध्येची वेळ झाली" म्हणून उठले. संध्येची वेळ मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी यंत्र बिघडलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पडद्यावर एक पंजा असतो, रिमोट जिकडं रोखावा तिकडं तो जातो. त्या दिवशी तो थरथरायला लागला आणि एकसारखा डावीकडं ओढला जाऊ लागला. सेल बदलले, ट्रान्सफॉर्मरला दोन थापा मारल्या. पंजा डावीकडंच.

"काहून त्याला छळू लालाव?" माय म्हणाली. "देवाला नमस्कार करू लालाय त्यो."

देव्हारा टीव्हीच्या डावीकडंच आहे. मायनं नुकतीच समई लावली होती.

कारण पोरानं शोधलं. टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर एक वीतभर लांबीची पट्टी ठेवायची असते. अगरबत्तीच्या पुड्यासारखी दिसते. तिला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. दोन्ही टोकांना पाच-पाच बारीक दिवे असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे. बघणारा कॅमेरा असतो रिमोटच्या नाकात. दोन टोकांचे दोन ठिपके बघून तो ठरवतो, आपण कुठं रोखलंय. आणि ज्योतीतही तोच प्रकाश असतो. यंत्राला समईच्या पाच वाती म्हणजे आपलाच कुणी भाऊबंद वाटला. त्या संध्याकाळी खिडकीत अकरा पणत्या होत्या, उंबऱ्यावर दोन. यंत्राची काय अवस्था झाली असेल, मी समजू शकतो. मीही आत्याच्या लग्नात असाच चुलत्यांच्या गर्दीत उभा राहिलो होतो, कुणाच्या पाया आधी पडावं हे न कळून.

समई काढणं शक्य नव्हतं. खेळ थांबला.

पाडव्याला आणखी एक सोय होती, तीही पोरानंच शोधली. यंत्र दिवसातून एकदा तीन चाचण्या घेतं आणि तुमच्या अंगाचं वय सांगतं. उत्तम वय २०, अगदी वाया गेलेलं ८०. माझं वय तेव्हा ४२. यंत्रानं सांगितलं ७६. माझी नोकरी अजून सोळा वर्षं बाकी होती आणि यंत्राच्या हिशोबानं मला निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. पेन्शनचं मात्र ते काही बोललं नाही.

मायचं खरं वय कुणालाच माहीत नाही. रझाकाराच्या पळापळीत ती आईच्या कडेवर होती, एवढाच पुरावा. तिचं निघालं ४१.

म्हणजे मी तिच्या आधी एक वर्ष जन्मलो.

ती बातमी मी उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी दूधवाला माप ओतता ओतता म्हणाला, "शाहत्तर का, काका?" त्यानं आजवर मला भाऊ म्हटलं होतं.

भाऊबीज करून मेहुणा गेला आणि त्याच रात्री उंदरानं सेन्सर बारची वायर कुरतडली. ट्रान्सफॉर्मर सोडला, पाचशे रुपयांची चकली-शेव सोडली, नेमकी ती बोटभर वायर. परभणीत ती मिळणं शक्य नव्हतं. इथं मात्र जर्मनीनंही हात टेकले असते. बायको म्हणाली, बरं झालं. पोरगं मात्र देव्हाऱ्याकडं बघत बसलं होतं.

"पप्पा, समईला जर ते पट्टी समजतंय, तर आपण दोन दिवेच लावू ना."

टीव्हीवरच्या रुमालाला बायकोनं तेल लागू दिलं नसतं. टीव्हीखाली पाट ठेवला, पाटावर वीतभर अंतरानं दोन निरांजनं. पंखा बंद. मी रिमोट रोखला. पंजा आला. थोडा ज्योतीसारखा हलत होता, पण जिकडं नेईन तिकडं जात होता. मेहुण्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काही बोलेना. मग हळूच म्हणाला, "तेल कोणतं, दाजी?" करडईचं.

त्या ७६ चं मात्र काही करायला हवं होतं. दिवसा सराव करायचा तर गुरुजी खाट अडवून बसतात. म्हणून मी पहाटे पाचला उठायला लागलो. कार्तिक लागला होता, थंडी पडू लागली होती. कानटोपी घालायची, दार लोटून घ्यायचं, आवाज बंद करायचा, पाटावर दोन निरांजनं लावायची आणि बोलिंग. मारुतीच्या देवळात काकडआरती सुरू व्हायची, लांबून टाळ ऐकू यायचे.

चौथ्या दिवशी मागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. दारात माय. अंगावर शाल. पाट, पाटावर दोन ज्योती, आणि त्यांच्यापुढं हात उचलून उभा असलेला तिचा थोरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून ती तिथंच भिंतीला टेकून बसली. तीस वर्षं ती मला काकडआरतीला उठवत होती.

काय बोलणार? मी रिमोट दोन्ही ज्योतींपुढं उजवीकडून एकदा ओवाळल्यासारखा फिरवला. बटण सुटलं. पडद्यावर चेंडू मागं प्रेक्षकांत गेला आणि सगळे बाहुले दचकून उडाले.

मायनं डोळे उघडले नाहीत.

"मनगट वळवू नगंस," ती म्हणाली. "सडा टाकल्यावानी सोड."