रामदरबाराच्या "कंपनीच्या नाण्याचे" २५ लाख कोणी देत नाही

परवा पारोळ्याहून आमच्या जिभाऊंचा फोन. "माले २५ लाख भेटतीन, तू फक्त नाणाना फोटो चांगला काढी दे." देव्हाऱ्यातलं नाणं विकायला निघालेत, २,१०० रुपये "रजिस्ट्रेशन" म्हणून पाठवूनही मोकळे झालेत आणि आता समोरचा जीएसटीचे ९,५०० मागतोय. त्यांना आलेला मेसेज मलाही आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय, म्हणून एकदाच लिहितो.

मेसेज असा: १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं अर्ध्या आण्याचं नाणं, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता-हनुमान, इंग्रजसुद्धा रामाला मानायचे याचा पुरावा, या नाण्यात दैवी शक्ती असून ते तांदूळ ओढतं, आणि रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेली पार्टी ते २५ लाखाला घेते.

१८१८ साली अख्ख्या देशासाठी कंपनीचं एकच नाणं नव्हतंच. एकाच नाण्याचा कायदा १८३५ चा, त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल आपापली वेगळी नाणी पाडायचे. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू असायचा, रामदरबार नाही. आणि १८१८ ला आपल्याकडे काय चाललं होतं, तर इंग्रज मालेगावच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. याच रामदरबाराच्या काही नाण्यांवर तर १६१६ साल असतं. तेव्हा इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता, तो कसला आणे पाडतोय इथे?

आता एक कबूल करावं लागेल, नाण्यावर देव असणं ही काही थाप नाही. अकबराने शेवटच्या काळात राम-सीतेचं नाणं पाडलं होतं, आणि मद्रासकडे खुद्द कंपनीने विष्णूची मूर्ती असलेले सोन्याचे होन पाडले कारण तिकडच्या बाजारात तेच चालायचे. पण म्हणून जिभाऊंच्या हातातलं तांबं कंपनीचं होत नाही. ते रामटंका, देवस्थानाचं टोकन. पूजेसाठी, आठवण म्हणून केलेलं, चलन कधीच नव्हतं. जुने खरे रामटंके सोन्याचांदीचे पण आहेत आणि ते जमवणारे जाणकार आहेत, मी स्वतः टोकन आणि मेडल जमवतो, चहाच्या मळ्यांची मजुरीची टोकनं, १९११ च्या दिल्ली दरबाराचं मेडल, त्यामुळे टोकन म्हटलं की हलकं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण टोकनाची किंमत ते कोणी, कधी, कशासाठी काढलं यावर ठरते, आणि कंपनीचं नाव नि खोटं साल टाकलेली ही टोकनं जुन्या बाजारात पाच-पन्नास रुपयाला ढिगाने मिळतात.

सगळ्यात संताप येतो तो तांदळाच्या गोष्टीचा. अहो, तांबं चुंबकाला चिकटत नाही आणि तांदूळ तर नाहीच नाही! व्हिडिओत दाणे उड्या मारत येतात कारण दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्याखाली चुंबक असतं. "राईस पुलर" नावाने हा धंदा देशभर चालतो, पोलिसांनी टोळ्या पकडल्यात तरी चालतो, कारण आधी टेस्टिंगचे, मग केमिकलचे, मग शास्त्रज्ञाच्या फीचे असे पैसे काढत काढत माणसाचं वावर विकायची पाळी येते. आणि हे देवाच्या नावावर करतात.

राहिली रिझर्व्ह बँक. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला स्वतः पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी कमिशन किंवा फी मागत नाही आणि कोणाला आमच्या नावाने तसे पैसे घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. जिभाऊंना हेच पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे ते गप्प झाले.

९,५०० वाचले. २,१०० साठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केलीय. नाणं परत देव्हाऱ्यात ठेवलंय, आणि ज्या भाच्याने जिभाऊंना हा मेसेज पाठवला त्याला आज रात्री मी फोन करणार आहे.