पहिला युरोप रेल्वेने पाहायचा असेल, तर मुक्काम चारच ठेवा

दिवाळी सरली की आपल्याकडे पुढच्या मे महिन्यातल्या युरोपचे बेत रंगू लागतात आणि नात्यातली, ओळखीची मंडळी आपापले आराखडे मला पाहायला पाठवतात. त्यांतल्या बहुतेकांत दोन आठवड्यांत ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, इंटरलाकेन, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लोरेन्स आणि रोम अशी नावे ओळीने मांडलेली असतात. बसने फिरवणाऱ्या सहलींच्या जाहिरातींनी आपल्याला देश मोजायची सवय लावली आहे आणि स्वतः आखलेल्या प्रवासातही ती सुटत नाही. माझे मत ठाम आहे: पहिल्यांदाच आणि रेल्वेने जाणाऱ्या कुटुंबाने तेरा-चौदा रात्रींत चारांहून अधिक मुक्काम करू नयेत.

वेळापत्रकात तीन तासांचा दिसणारा प्रवास दिवसाचा मोठा भाग घेतो. सकाळी सामान आवरून खोली सोडायची, स्थानकावर पोहोचायचे, गाडीने जायचे, नव्या शहरात मेट्रो किंवा ट्राम समजून घ्यायची आणि दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत सामानाची सोय लावायची, यात फिरण्याजोगी संध्याकाळच काय ती उरते. दहा शहरे घेतली की असे नऊ दिवस हातचे जातात, आणि सोबत साठी ओलांडलेले आईवडील असतील तर चौथ्या दिवसापासून थकवा बोलू लागतो.

म्हणून मी सुचवतो तो मार्ग एका सरळ रेषेत दक्षिणेकडे उतरणारा आहे: पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला तीन, व्हेनिसला दोन आणि रोमला चार. विमानाचे तिकीट जाताना पॅरिसचे आणि येताना रोमचे घ्यावे, म्हणजे त्याच वाटेने उलटे यावे लागत नाही. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून स्विस सीमेवरचे बाझेल तीन तासांहून थोडे अधिक आणि तिथून ल्युसर्न एक तास. ल्युसर्नहून मिलान सव्वातीन-साडेतीन तास. मिलानला फक्त गाडी बदलायची, तिथून व्हेनिस अडीच तास. व्हेनिसहून रोम सुमारे चार तास. मुक्काम हलवण्याचे दिवस तीनच. लंडन या फेरीत घेऊ नये, कारण ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

या मार्गावर रेल्वेचे खरे वैभव ल्युसर्नच्या आसपास आहे. गावातून बोटीने सरोवर ओलांडून फिट्झनाउला जावे आणि धक्क्याशेजारीच उभ्या असलेल्या दातेरी रुळांच्या गाडीने रिगी कुल्मला, 1,798 मीटर उंचीवर चढावे. 1871 साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी पर्वतीय रेल्वे आहे. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ही बोट, ही गाडी, गावातल्या बस आणि देशभरातल्या नेहमीच्या गाड्या सगळ्या येतात. पास सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. आपल्या बेताला चार दिवसांचा बसतो, कारण बाझेलहून येण्यापासून इटलीच्या सीमेपर्यंत जाण्यापर्यंतचा सगळा प्रवास त्यात होतो. सोळा वर्षांखालील मुले आईवडिलांबरोबर मोफत प्रवास करू शकतात, मात्र त्यासाठी कुटुंबाचे विनामूल्य कार्ड आठवणीने मागून घ्यावे. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्थानकाला जाताना मात्र हा पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, पुढे फक्त सवलत मिळते.

पुढे मिलानला जाताना गाडी 2016 साली खुल्या झालेल्या 57 किलोमीटरच्या गोथार्ड बोगद्यातून जाते आणि बाहेर काळोखाशिवाय काही दिसत नाही. हाताशी वेळ असेल, तर जुन्या डोंगरी मार्गाने बेलिन्झोनापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन. या मार्गावर रूळ डोंगराच्या पोटात वळणे घेत चढतात, त्यामुळे वासेन गावाचे छोटे पांढरे चर्च तीनदा दिसते: आधी आपल्या वर, मग समोर, आणि शेवटी खाली. कर्जत-लोणावळा घाटात खिडकी न सोडणाऱ्या माणसाने हे चुकवू नये.

अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या युरेल पासबद्दल सगळेच विचारतात. पास घेतला तरी फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, तेव्हा चार मोठ्या प्रवासांसाठी सुटी तिकिटे दोन-तीन महिने आधी काढलेली बरी. जर्मनी, ऑस्ट्रियात रोज नव्या गावी जायचे असेल, तिथे त्या पासचे गणित जुळू शकते.

आता अडचण अशी, की लवकर काढलेली स्वस्त तिकिटे बहुधा परत होत नाहीत आणि आपल्या हातात व्हिसा अजून आलेला नसतो. या तिन्ही देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ती मुदत उघडताच भेटीची वेळ शोधायला लागावे. अर्जासोबत रद्द करता येणारी हॉटेल आरक्षणे जोडावीत आणि न परतणारी रेल्वे तिकिटे व्हिसा लागल्यावरच घ्यावीत. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे विमान कुठे उतरते यावर ठरत नाही. जिथे मुक्काम सर्वांत अधिक, त्या देशाकडे तो करायचा असतो. आपल्या बेतात इटलीच्या सहा रात्री असल्यामुळे अर्ज इटलीचा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

सामानाविषयी थोडे कठोर बोलतो. तिकडच्या फलाटावर हमाल मिळेल असे गृहीत धरू नये. पॅरिस-बाझेल गाडी दुमजली असते आणि आतला जिना अरुंद असतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावरची जागा निवडावी. प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल अशी एकच बॅग घ्यावी. खाकरे, मेतकूट, थेपले त्यातच बसवावेत. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असली तरी मोठ्या स्थानकांवरची उघडी असतात, त्यामुळे दूध, दही, फळे, पाव यांची चिंता नको.

मिलानला फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, ते व्हेनिसच असेल असे नाही. म्हणून गाडी क्रमांक आणि सुटण्याची वेळ पाहून फलाट शोधावा. व्हेनिसला उतरताना मुख्य भूमीवरचे मेस्त्रे आणि बेटावरचे सांता लुचिया ही दोन वेगळी स्थानके आहेत हे ध्यानात ठेवावे. मुक्काम बेटावर असेल तर सांता लुचिया, जिथून बाहेर पडताच समोर मोठा कालवा असतो.

इटलीत आणि फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, बहुधा आधी जाहीर करून. त्यामुळे परतीच्या विमानाच्या दिवशी दुसऱ्या शहरातून येण्याचा बेत कधीही करू नये. रोमच्या चार रात्री मी मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत. तेर्मिनी स्थानकावरून फ्युमिचिनो विमानतळाची थेट गाडी 32 मिनिटांत पोहोचवते, आणि ती बंद असली तरी टॅक्सी करता येते.