‘रील चालते, मग पीकपाहणी का नाही?’ : एका मेसेजला उत्तर

पीकपाहणीची, म्हणजे वावरात काय पेरलं ते मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंदवण्याची, मुदत संपत आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यवतमाळ-अमरावतीकडच्या शेतकरी गटांत येतो, मास्तरांच्या गटांत येतो, पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याकडूनही येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. जगातला सर्वात स्वस्त डेटा भारतात आहे. गावोगावी टॉवर आहेत, ग्रामपंचायतीत फायबर पोचलं आहे. पोरं धुऱ्यावर बसून दिवसभर रील पाहतात, म्हणजे नेट आहेच. एका कंपनीचं चालत नसेल तर सिम पोर्ट करा, नाहीतर तक्रार करा. तेव्हा ‘कव्हरेज नाही’ हे शेतकऱ्याचं रडगाणं आता पुरे.

लोकांना सगळ्यात जास्त पटतो तो रीलचा मुद्दा, म्हणून सुरुवात तिथूनच.

रील दिसते हे खरं आहे. पण रील पाहताना डेटा टॉवरकडून फोनकडे येतो, आणि पिकाचा फोटो चढवताना तो फोनकडून टॉवरकडे जावा लागतो. या दोन्ही बाजूंची ताकद सारखी नाही. टॉवरवरचं यंत्र दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही जास्त ताकदीनं सिग्नल सोडतं. खिशातला फोन सोडतो जेमतेम पाव वॅट, तोही पुरा नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरची दवंडी वावरात ऐकू येते, म्हणून वावरातून दिलेली हाक ग्रामपंचायतीत पोचेलच असं नाही. टॉवरच्या टप्प्याच्या कडेला असलेल्या वावरात नेमकं हेच होतं: स्क्रीनवर दोन काड्या दिसतात, व्हिडिओ रखडत का होईना उतरतो, पण फोटोचं चाक फिरतच राहतं. त्यात फोर-जीच्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणारा आणि जाणारा डेटा एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं चालतो. वेळेचा मोठा वाटा येणाऱ्या डेटाला दिलेला असतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक पाहणारं असतं, पाठवणारं नाही. शेतकऱ्याला मात्र सरकारनं पाठवणारा केलं आहे.

शिवाय रीलचं ॲप चलाख असतं. नेट मंदावलं की चित्र पुसट करतं, पुढच्या रील आधीच उतरवून ठेवतं. आणि अडकलंच, तर कुणाचं काय बुडतं? ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिच्यात वावरात उभं राहून, जीपीएसनं जागा जुळवून, पऱ्हाटीचा (कपाशीचा) किंवा तुरीचा फोटो काढायचा आणि ती नोंद सर्व्हरला लागली पाहिजे. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत तोच सर्व्हर अख्खा महाराष्ट्र ठोठावत असतो. ‘फोटो काढून ठेवा, घरी आल्यावर चढवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी टिनाच्या छताखाली कधी फोन लावून पाहिला आहे का, हे मला विचारायचं आहे. पत्र्यानं उरलीसुरली रेंजही जाते.

हे चुकलं की काय होतं? २०२५च्या हंगामात सीसीआयनं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळानं, हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. नोंदणीला सातबारा हवा आणि त्यावर कापूस लागलेला हवा. ती नोंद नसली की माल गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, आणि तिथला भाव हमीभावाच्या किती खाली असतो ते विदर्भात कुणाला सांगायची गरज नाही.

आता स्वस्ताई. केबल डॉट को डॉट यूके या ब्रिटिश संकेतस्थळाच्या २०१९च्या यादीत भारत एका जीबीच्या भावात जगात सर्वात स्वस्त होता. त्यांच्याच २०२३च्या यादीत पहिला नंबर इस्रायलचा आहे. भारत तरीही स्वस्तातल्या देशांत आहे, त्याबद्दल वाद नाही. २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपयांना पडणारा जीबी आता नऊ-दहा रुपयांवर आला आहे आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर गावातल्या पोराच्याही हातात नेट आलं, हेही मान्य. पण गावातले काकाजी दुकानात जाऊन एक जीबी मागत नाहीत, ते रिचार्ज मागतात. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. एअरटेल आणि व्हीआयनंही त्याच आठवड्यात भाव वाढवले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. म्हणजे दिवसभर उन्हात माती उचलून एक रिचार्जही होत नव्हता, दोन रुपये पदरचे घालावे लागत. आणि २८ दिवसांच्या हिशेबानं वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात: ३,८८७ रुपये, एका फोनचे.

ज्याला नेट नकोच, नुसता मुलाचा फोन यायला हवा, त्याचं काय? पूर्वी येणारा फोन फुकट होता. २०१८च्या अखेरीस तो चालू ठेवायला ३५ रुपयांचं रिचार्ज सक्तीचं झालं. २०२४च्या वाढीनंतर हाच कमीत कमी आकडा १८९-१९९वर गेला. फक्त बोलण्याचे पॅक द्या, असं ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, डिसेंबर २०२४ मध्ये नियम करून कंपन्यांना सांगावं लागलं.

आणि फोन असतो कुणाजवळ? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या ४६.६ टक्केच स्त्रिया स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या निघाल्या. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा ओटीपी मग नवऱ्याच्या फोनवर येतो, आणि नवरा गेलेला असतो सोयाबीन सोंगायला.

गावोगावी टॉवर असल्याचा दावा तर केंद्र सरकारच करत नाही. जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. अशी गावं नसती तर योजना कशाला? टॉवर जिथे आहे तिथेही तो वस्तीत किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला उभा असतो, पीक उभं असतं पांदणीच्या पार. मेळघाटात मध्ये डोंगर येतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो आणि लाइनही (वीज) जाते. लाइन गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल त्याच तुटलेल्या रस्त्यानं यायचं असतं.

फायबरचं म्हणाल तर ती योजना २०११ पासून चालू आहे, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. तिचं मूळ उद्दिष्टच ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार नेण्याचं होतं. अनेक गावं मिळून एक असलेल्या गटग्रामपंचायतीतला पाड्यावरचा माणूस त्या तारेपासून दोन-तीन कोस दूर असू शकतो. आणि हा काही उपकार नव्हे. कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के अशा न परवडणाऱ्या भागासाठीच्या निधीत जमा होतात. पूर्वी तो युनिव्हर्सल सर्व्हिस निधी होता, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे काकाजींच्या रिचार्जमधूनही त्याची वर्गणी जाते.

पोर्ट करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की जिथे टॉवर एकाच कंपनीचा आहे तिथे पोर्ट करून नंबर जायचा कुठे?

उरली तक्रार. ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले. सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर प्रीपेड ग्राहकाला मुदत वाढवून मिळते, हे त्यात आहे आणि मेसेज पाठवणारे ते अभिमानानं सांगतात. पण ‘बंद’ कशाला म्हणायचं तेही त्याच नियमांत आहे: संपूर्ण जिल्ह्यातल्या सगळ्या ग्राहकांची सेवा गेली पाहिजे. धारणी तालुक्यातल्या एका खेड्याचा टॉवर पावसाळ्यात आठवडाभर बंद पडला, तर नियमाच्या लेखी काहीच बंद पडलेलं नसतं, कारण अमरावती जिल्हा चालू असतो. रिचार्जच्या २८ दिवसांतले ते सात मात्र मोजले जातात.