राउटरवरील पर्यायी फर्मवेअरविषयी आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्यानंतर आपल्या राउटरवर काम केलेल्या सहकाऱ्यासोबत बसून त्या दिवसाची कामाची नोंदही तपासली. आपण एक तारा देऊन चार तक्रारी मांडल्या आहेत: पर्यायी फर्मवेअर (राउटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकलेले दुसरे सॉफ्टवेअर) टाकल्यावर इंटरनेटचा वेग निम्म्यावर आला, वीज जाऊन आली की पाच गिगाहर्ट्झचे वायफाय बराच वेळ दिसत नाही, सिग्नलची ताकद वाढवून देण्याची साधी विनंती आम्ही नाकारली, आणि शेवटी, आपण स्वतः केलेल्या एका अपडेटनंतर राउटर कायमचा बंद पडला. शिवाय आम्ही ‘कुठले तरी चोरीचे सॉफ्टवेअर’ टाकतो, असेही आपण लिहिले आहे. यांपैकी पहिल्या तक्रारीत चूक पूर्णपणे आमची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आपण आमच्याकडे आलात तेव्हा वेगाबद्दल आपले काही म्हणणे नव्हते. घरात कोणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवू लागले की आपला व्हिडिओ कॉल अडखळतो, आणि राउटरच्या उत्पादकाने या मॉडेलसाठी सुरक्षा अपडेट देणे थांबवले आहे, ही दोन कारणे आपण सांगितली होती आणि नोंदवहीत ती तशीच लिहिलेली आहेत. असा कॉल अडखळतो तेव्हा दोष बहुतेक वेळा वेगाचा नसतो. अपलोडची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, राउटर आणि मोडेममध्ये साचत जातात, ती रांग इतकी लांबते की कॉलची छोटी पॅकेट्स तिच्या शेपटाला अडकून पडतात. आम्ही टाकलेल्या ओपनडब्ल्यूआरटी या पर्यायी फर्मवेअरमध्ये यासाठी एसक्यूएम नावाची, ही रांग सांभाळणारी सोय आहे आणि तिच्यातील ‘केक’ ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला त्याचा वाटा देऊन रांग आखूड ठेवते. सहकाऱ्याने आपल्या घरी ती चालू केली. त्याच्या नोंदीनुसार, अपलोड सुरू असताना आधी पिंग (पॅकेट जाऊन त्याचे उत्तर येण्यास लागणारा वेळ) ३८० मिलिसेकंदांपर्यंत जात होता, तो नंतर २२ च्या आसपास स्थिर राहिला. आपला कॉल त्या दिवसापासून अडखळलेला नसावा. निदान अभिप्रायात तशी तक्रार नाही.

या सुधारणेची किंमत मात्र प्रोसेसरला मोजावी लागते. आपल्या राउटरचा प्रोसेसर एका गाभ्याचा आणि ७२० मेगाहर्ट्झचा आहे. मूळ फर्मवेअरमध्ये उत्पादकाने बहुतेक पॅकेट्ससाठी एक जवळची वाट करून ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडून पूर्ण तपासून घ्यावे लागत नाही. एसक्यूएम चालू असताना ती वाट वापरता येत नाही. प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातून जाते आणि ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर आपल्याला १४० दिसू लागतात. हे सहकाऱ्याला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. आपल्याला मात्र आम्ही ते सांगितले नाही. काम हाती घेताना काय मिळेल ते आम्ही तपशीलवार समजावले आणि काय जाईल यावर एक शब्दही बोललो नाही. आपण वेग मोजून पाहिला तेव्हा आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यात आपला काही दोष नाही. याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

त्याहून मला अधिक लागलेली गोष्ट अशी की हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटू शकला असता. आपला त्रास अपलोडच्या बाजूचा होता. एसक्यूएमच्या पानावर डाउनलोडच्या रकान्यात शून्य लिहिले की त्या दिशेची मर्यादा निघते आणि केवळ अपलोडची रांग सांभाळली जाते. अपलोडचा वेग मुळातच कमी असल्याने प्रोसेसरवरचा भारही बराच उतरतो. तसे केले असते तर कॉलही सुरळीत राहिला असता आणि डाउनलोडचा बहुतांश वेगही टिकला असता. आम्ही दोन्ही रकाने सवयीने भरले. ही सेटिंग आम्ही विनाशुल्क बदलून देऊ आणि त्यानंतरही आपले समाधान झाले नाही, तर मूळ फर्मवेअर परत टाकून संपूर्ण शुल्क परत करू.

आता वीज गेल्यानंतरच्या वायफायविषयी. आपल्या इमारतीत ३६ ते ४८ या चॅनेलांवर (वायफायच्या लहरींच्या क्रमांकित पट्ट्यांवर) इतकी गर्दी होती की सहकाऱ्याने राउटर १०० क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवला. हा पट्टा रडारसोबत वाटून घेतलेला आहे. त्यामुळे राउटर सुरू झाल्यावर त्याला आधी निदान ६० सेकंद गप्प राहून रडारचा संकेत येतो का ते ऐकावे लागते, आणि तो आला नाही तरच प्रक्षेपण सुरू करता येते. युरोपात हवामान रडारच्या चॅनेलांसाठी हाच काळ दहा मिनिटांचा आहे. राउटर सुरू होण्याचा वेळ धरून आपल्याला दोन मिनिटांच्या आसपास थांबावे लागत असणार, आणि कामाच्या बैठकीच्या मध्येच वीज गेली असेल तर ती दोन मिनिटे फार लांब वाटतात, हे मी समजू शकतो. ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर ही प्रतीक्षा नसते, पण शेजाऱ्यांची गर्दी असते. माझे मत १०० वरच ठेवण्याकडे झुकते. वीज वारंवार जात असेल तर मात्र आपण म्हणाल तसे करू.

तिसऱ्या तक्रारीत मी माझ्या सहकाऱ्याच्या बाजूने ठामपणे उभा आहे. सेटिंगमध्ये दुसऱ्याच देशाचे नाव निवडून प्रक्षेपणाची ताकद वाढवावी, असे आपल्याला कोणीतरी सुचवले होते आणि आम्ही तसे करण्यास नकार दिला. ही मर्यादा प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो आणि तिच्यामागे कारण आहे: विमानतळांजवळची हवामान रडार याच लहरींच्या शेजारी काम करतात आणि चुकीच्या देशाच्या सेटिंगमुळे रडार ओळखून बाजूला होण्याचे नियमही बदलू शकतात. त्यातून आपला फायदाही फारसा होत नाही. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज वाढत नाही. कोपऱ्यातल्या खोलीत सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, पण फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नसल्याने पान उघडत नाही. त्या खोलीसाठी राउटर भिंतीवरच्या कपाटातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवणे किंवा केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (तिथून वायफाय देणारे वेगळे उपकरण) बसवणे, हे दोनच उपाय मी सुचवीन.

‘चोरीचे’ या शब्दाने मात्र मन दुखावले. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली वापरली असल्याचे लोकांच्या लक्षात आले आणि तिच्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या अटीनुसार त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला करावा लागला. त्याच कोडच्या आधारावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले आणि आजही जगभरातले स्वयंसेवक ते उघडपणे करत आहेत. त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, डाउनलोडला शुल्क नाही, आणि आम्ही जे शुल्क घेतो ते केवळ आमच्या कामाचे असते. उत्पादकाने सोडून दिलेल्या आपल्या राउटरला सुरक्षेची दुरुस्ती मिळत राहते ती याच लोकांच्या कष्टांमुळे, म्हणून त्यांच्या वतीने एवढे लिहावेसे वाटले.

शेवटी, राउटर ‘मेला’ या तक्रारीकडे येतो. आपण लिहिले आहे की नवी आवृत्ती टाकताना ‘फाईल या उपकरणाशी जुळत नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तरीही आपण सक्तीने पुढे जाण्याच्या चौकटीवर खूण केली. आणि तेव्हापासून सगळे दिवे काही सेकंदांनी एकदम लागतात आणि विझतात. एकाच मॉडेलच्या नावाखाली आतले हार्डवेअर वेगवेगळे असू शकते. आपल्या राउटरच्या तळाच्या लेबलवर, अनुक्रमांकाच्या वर बारीक अक्षरांत ‘आवृत्ती २’ असे छापलेले आहे. त्याचा फोटो आमच्याकडे आहे. आपण उतरवलेली फाईल आवृत्ती ५ ची होती. ही चूक कोणाकडूनही होऊ शकते आणि त्यासाठी मी आपल्याला दोष देत नाही. अपडेट करण्यापूर्वी ते लेबल पाहावे, हे आम्ही काम पूर्ण करून देताना कागदावर लिहून द्यायला हवे होते.

चांगली बातमी अशी की दिवे पुन्हा पुन्हा लागत आहेत, याचा अर्थ राउटरचा बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शाबूत आहे. तो नवे फर्मवेअर सुरू करू पाहतो, ते कोसळते आणि तो पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतो. अशा वेळी संगणक केबलने लॅन पोर्टला जोडून त्याला १९२.१६८.०.६६ हा स्थिर पत्ता द्यायचा, त्यावरच्या टीएफटीपी सर्व्हरमध्ये (केबलवरून फाईल पुरवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये) ठरलेल्या नावाची योग्य फाईल ठेवायची आणि रिसेटचे बटण दाबून धरून राउटर चालू करायचा. बूटलोडर ती फाईल स्वतःहून उचलतो. आणखी एक गोष्ट आपल्या माहितीसाठी सांगतो. राउटरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या साठवणीत, ६४ किलोबाइटचा एक छोटा विभाग असतो, ज्यात कारखान्यात मोजलेली त्या एकाच राउटरच्या रेडिओची मापे असतात. ती पुसली गेली तर वायफाय दुबळे होते किंवा सुरूच होत नाही, आणि दुसऱ्या राउटरची मापे त्याला चालत नाहीत. नेहमीचे अपडेट त्या विभागात काही लिहीत नाही, त्यामुळे तो सुरक्षित असणार. तरीही ओपनडब्ल्यूआरटी प्रथम सुरू झाल्याबरोबर सहकाऱ्याने त्याची प्रत काढून आपल्या नोंदीसोबत जपून ठेवली आहे. ती फाईल आपल्या मालकीची आहे आणि आपल्यालाही दिली जाईल.

दरम्यान कोणी राउटर उघडून आतल्या पिनांना सिरियल केबल जोडण्यास सुचवले, तर कृपया थांबावे. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्टची केबल जोडल्यास आज दुरुस्त होऊ शकणारा राउटर खरोखरच निकामी होऊ शकतो.

राउटर आणताना त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर आणि आपल्या इंटरनेट सेवेचे वापरकर्तानाव व पासवर्ड सोबत ठेवावेत, म्हणजे पूर्ववत झालेली जोडणी आपल्यासमोर तपासून देता येईल. या वेळी काम मी स्वतः करीन, एसक्यूएम चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींतला वेग व पिंग आपल्याला मोजून दाखवीन, आणि कोणती सेटिंग ठेवायची ते आपण ठरवाल.

आपला नम्र,
सेवा केंद्राचा चालक